मधलीच्या नावे दोन खोल्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, शीतगृहात माल मोजण्याच्या कामावरून निवृत्त झालेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डॉक्टरांनी तपासून माझं डोकं ठिकाणावर आहे असं सांगितलं. ते पूर्वी असायला हवं होतं.

१. राहत्या दोन खोल्या मी मधल्या मुलीला देते. तिला एकटीला. थोरल्याने आणि धाकटीने वाद घालू नये. कारण लिहिते.

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आत कोण आहे हे न बघता मुकादमाने बर्फाच्या खोलीचं दार लावलं आणि मी चार तास आत राहिले. डॉक्टर म्हणाले, "बाई, शरीर फार धोरणी असतं. थंडी वाढली की हातापायांचं रक्त आखडतं घेतं आणि हृदय, फुप्फुसं, मेंदू जपतं. ऊब मिळाली की परत सोडतं. तुमच्या बोटांना मात्र फार उशीर झाला." मला बोटांचं एवढं वाटलं नाही. मला मधली आठवली.

नवरा गेला तेव्हा पदरात तीन मुलं. थोरल्याची शाळा संपत आलेली, धाकटी अंगावर पिणारी. मधली सात वर्षांची, समजूतदार. समजूतदार पोरांचं हेच होतं. तिला सहा महिन्यांसाठी माझ्या बहिणीकडे ठेवलं. पुढच्या वर्षी मला नोकरी लागली, दोन्ही वेळा चूल पेटू लागली. तिने विचारलं, "आई, आता येऊ?" मी म्हटलं, "परीक्षा होऊ दे." मग बहीण म्हणाली, "रुळलीये गं ती, कशाला हलवतेस?" मला तेच ऐकायचं होतं. मधलीने पुन्हा विचारलं नाही. शरीर करतं तेच मी केलं, फक्त रक्त परत पाठवायचं राहिलं. याचा मला रोज पश्चात्ताप होतो.

२. बँकेतली ठेव थोरल्याने आणि धाकटीने निम्मी निम्मी घ्यावी. तुम्ही माझ्या कुशीत वाढलात, तोही वाटा धरावा.

३. कापूस भरलेला कोट मुकादमाला. तो घालून त्याने त्या खोलीत चार तास बसावं, अशी इच्छा आहे. सक्ती नाही.

४. मी गेल्याचा फोन आधी मधलीला, आणि थोरल्यानेच करावा. गेली तीस वर्षं ती बहिणीला आई म्हणते आणि मला मावशी. तरी "आई गेली" असंच सांगावं. ती "कुणाची?" असं विचारेल. तिच्यावर रागावू नये. तिला तसं विचारायला मीच लावलं आहे.

साक्षीदार:
१. शेजारच्या शिंपीणबाई (सही)
२. तपासणारे डॉक्टर (सही)

लिहून ठेवणार: तिघांची आई (सही, डाव्या हाताने)
स्थळ: राहतं घर, स्वयंपाकाची खोली
दिनांक: ९ जानेवारी २०१९