समोरच्या भिंतीबाबत आणि भिंतीआडच्या गाडीबाबत

लिहून ठेवणार : सौ. सुचित्रा नंदकिशोर चौबळ, वय वर्षे सत्तावन्न, विमा कार्यालयातून निवृत्त, राहणार वाशी, नवी मुंबई, माहेर उरण.

मी पूर्ण शुद्धीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, घरच्यांच्या मते जरा जास्तच शाबूत आहे. हे मृत्युपत्र लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही, उलट सगळे "असं अभद्र कशाला" म्हणून अडवतच होते. सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं, असं डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावर आमचे हे त्यांना म्हणाले, "घासून बसवता येणार नाही का?" डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, ह्यांना गाडीच्या इंजिनाचा अनुभव आहे, तुम्ही पुढे बोला.

वकीलसाहेबांनी सांगितलं की मृत्युपत्रात मालमत्तेपुरतंच लिहावं. पण आमच्या घरात मालमत्ता आणि मनस्ताप एकाच खोलीत उभे आहेत, त्याला माझा इलाज नाही.

१) घर. वाशीचं हे बैठं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. अर्ज मी भरला, हप्ते माझ्या पगारातून गेले. ते मी माझी एकुलती मुलगी चि. सौ. सुनीती हिला देत आहे. श्री. नंदकिशोर यांना हयात असेपर्यंत तिथे राहण्याचा हक्क राहील. या दोन्ही गोष्टी कलम ७ मधली अट पाळल्यासच लागू होतील. कलम ७ आधी वाचू नये. ह्यांना कादंबरीसुद्धा शेवटाकडून वाचायची खोड आहे, म्हणून सांगितलं.

२) दागिने. मंगळसूत्र, कुड्या आणि मोत्याची नथ सुनीतीला. पाटल्यांची जोडी यादीत का नाही, असं ती विचारेल. त्या पाटल्या समोरच्या खोलीत आहेत, बॉनेटखाली.

३) गाडी. कागदोपत्री ती ह्यांची आहे. १९८२ साली बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यातला परदेशी साहेब मायदेशी जाताना ती टाकून गेला. तांबडी, टीचभर, दोनच दरवाजे, आणि मागचा तिसरा पेटाऱ्याच्या झाकणासारखा वर उघडणारा. पुढून ठोकलेली, पत्रा गंजलेला, सुटे भाग हिंदुस्थानात मिळायचे नाहीत, म्हणून कोणी हात लावेना. ह्यांनी लावला. हे त्याच कारखान्यात नकाशे काढायचे. म्हणाले, "सुचित्रा, दिसायला लहान आहे, पण हिच्या पोटात वाघ आहे. ही नीट केली की तुला दर रविवारी उरणला आईकडे नेईन. एसटीचे धक्के बंद."

मी पाटल्या काढून दिल्या. मला कोणी फसवलं नाही. आईकडे दर रविवारी जायचं, या एका वाक्यावर मी त्या आनंदानं दिल्या.

तेव्हा वाटणी अशी : गाडीचा सांगाडा, चाकं आणि काचा ह्यांच्या. इंजिन माझ्या पाटल्यांचं, ते मी सुनीतीला देत आहे. एकाला सोडून दुसऱ्याला ती हलवता येऊ नये, हाच माझा हेतू आहे.

४) भांडीकुंडी आणि हत्यारं. पाने, जॅक, इंजिन उचलायची चेन-पुली, सगळं ह्यांचंच आहे. माझा पाच लिटरचा कुकरही ह्यांनाच देत आहे, कारण त्यात कार्बोरेटर उकळल्यापासून आमटीला पेट्रोलचा वास येतो. पोळपाटही ह्यांनाच. त्यावर गॅस्केट कापल्याचे चर आहेत आणि चपाती गोल होत नाही. रेशनचं रॉकेल पिस्टन धुण्यात गेलं आणि मी शेजारणीकडे वाटी घेऊन गेले, ते सोडून देते.

अन्याय नको म्हणून हेही लिहिते. काम घाणेरडं, पण हे ते सुंदर करायचे. कुर्ल्याच्या भंगारातून देशी गाडीचा रेडिएटर आणला आणि हिच्या नाकात बसवला. पत्र्याची भोकं रात्रंदिवस खपून बुजवली, पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. व्हॉल्व घासायला बसले की ताक घुसळल्यासारखे दोन्ही तळव्यांत काठी फिरवत तासन्‌तास गात असत. लग्नानंतर इतकं गाणं मी ऐकलं नव्हतं.

आणि १९८४ च्या उन्हाळ्यात ती धावली. एका संध्याकाळी खाडीपुलावर जाऊन आलो. तिचं स्टिअरिंगचं चाक डाव्या बाजूला, त्यामुळे मी उजवीकडे, जिथे आपल्याकडे चालवणारा बसतो तिथे. ह्यांनी पाय दाबला तशी पाठ सीटला चिकटली. मी ओरडले, "अजून!" पुलाच्या टोकाला हवालदारानं थांबवलं आणि सरळ माझ्या खिडकीशी आला.

"लायसन दाखवा मॅडम. किती फास्ट चालवता?"

"अहो, माझ्यासमोर चाकच नाही."

त्यानं आत डोकं घालून चाक शोधलं. मग हसायलाच लागला. "जा मॅडम, जा. पण साहेबांना सांगा, जरा स्लो."

त्या संध्याकाळइतकी मोकळी मी आयुष्यात कधी झाले नाही. उरणचा बेत पुढच्या रविवारचा ठरला.

५) भिंत. पुढच्या रविवारी आम्ही गेलो नाही, कारण शनिवारी ह्यांनी इंजिन खाली उतरवलं होतं. बिघडलं म्हणून नव्हे. अजून पळावी म्हणून. हेड घासून पातळ करायचं, स्प्रिंगा कापून गाडी बसकी करायची, मोठा सायलेन्सर करून घ्यायचा. "आठच दिवस," हे म्हणाले. चाकं निघाली, गाडी विटांवर चढली, पावसाळा लागला, आणि नोटीस आली की समोरच्या मोकळ्या जागेवर गाडीसाठी उभारलेलं विनापरवाना गॅरेज काढून टाकावं.

तक्रार शेजारच्या श्री. पोपटराव सावळे यांनी केली होती. ते नाकारत नाहीत. साक्षीदाराला मृत्युपत्राखाली काही घेता येत नाही असं वकीलसाहेबांनी सांगितलं, त्यामुळे मी पोपटरावांना मुद्दाम साक्षीदार केलं आहे.

वाशीत तेव्हा घरोघरी पुढच्या जागेची खोली काढायचं पेव फुटलं होतं. गॅरेज चालत नव्हतं, पण राहती खोली दंड भरून कायम होत होती. तेव्हा ह्यांच्या सुपीक डोक्यातून निघालं की गॅरेजचीच खोली करू. शटर काढू, भिंत घालू, खिडकी ठेवू. तपासणी झाली, कागद मिळाला, की भिंत पाडून गाडी बाहेर. घणसोलीचा देवजी गवंडी आला. त्यानं थापी हातात घेऊन एकदा विटांवरच्या गाडीकडे पाहिलं.

"वयनी, भित बांदतूं. पन मंग गारी भायेर कशी येल?"

"आठ दिवसांचा प्रश्न आहे, देवजी," हे म्हणाले.

भिंतीत दरवाजा ठेवला नाही, कारण उघडला असता तर गाडीच्या नाकावर आपटला असता. घरात यायची वाट मागच्या बोळातून, स्वयंपाकघरातून.

तपासणीचे साहेब आले ते नेमके गणपतीत. गाडीवर दोन गाद्या, त्यावर चादरी, त्यावर माझा शालू, आणि टपावर मखर. साहेबांनी चपला काढल्या, हात जोडले, आरतीला थांबले, मोदक खाल्ला. म्हणाले, "खोली छान काढलीत. आरास जरा उंचावर आहे, पण छान." राहती खोली म्हणून शिक्का बसला. त्याच कागदावर खाली लिहिलं होतं की दर्शनी भिंतीत यापुढे काही फेरबदल केल्यास सगळं वाढीव बांधकाम पाडलं जाईल.

ती ओळ आम्ही विसर्जनाच्या दिवशी वाचली. बाप्पाला स्वयंपाकघरातून, कुकरच्या बाजूनं, मागच्या बोळात काढलं. इतकी वर्षं आमच्या घरचा गणपती पुढच्या दारानं गेला होता. मला त्या दिवशी रडू आलं.

६) त्यानंतरचं. इंजिन चढलं. सगळ्या सुधारणा झाल्या. गाडी अर्ध्या चावीत सुरू व्हायला लागली. धुरासाठी लांब पाइप जोडून खिडकीबाहेर काढला, तो पोपटरावांच्या तुळशीवर उघडला, त्यावरून पुन्हा रामायण. दर रविवारी हे गाडी हातभर पुढे आणि हातभर मागे घेत, टायर एकाच जागी बसू नयेत म्हणून. मी चहाचा कप घेऊन उजव्या सीटवर बसायचे. समोर काचेत भिंत. दसऱ्याला झेंडूचं तोरण, चाकाखाली लिंबू. लिंबू चिरडलं की आमचं सीमोल्लंघन झालं. सुनीतीला बघायला आलेले पाहुणे स्वयंपाकघरातून आले, आणि गाडीला पाठ लावून बसले. मुलगा चांगला निघाला, हसला आणि हो म्हणाला.

लोक आम्हाला हसत. मीही हसायचे. मग १९८६ साली एका सकाळी पोपटरावांकडे फोन आला. फोन तेव्हा त्यांच्याचकडे होता. माझी आई चांगुणाबाई उरणला अखेरच्या घटका मोजत होती आणि माझं नाव घेत होती. त्या दिवशी उरणच्या एसट्या बंद होत्या. टॅक्सी मिळेना.

गाडी तयार होती. टाकीत पेट्रोल होतं. मी आत जाऊन उजव्या सीटवर बसले आणि म्हटलं, "पाडा भिंत."

ह्यांनी घण आणला. भिंतीसमोर उभे राहिले. पोपटराव खिडकीतून ओरडले, "पाडा हो चौबळ! मी तक्रार करायचो नाही. आईची माया आहे!"

हे म्हणाले, "अगं, भिंत पाडली तर सगळी खोली पाडतील. गाडी उघड्यावर येईल. खाडीच्या वाऱ्यानं चार महिन्यांत पत्रा खाऊन टाकेल." आणि घण खाली ठेवून टॅक्सी बघायला धावले.

ज्या वाटेसाठी गाडी घेतली, ती वाट गाडी जपायला सोडून दिली. मी मिठाच्या ट्रकमधून उरणला पोचले, तेव्हा आईला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. हात गार होता. बहिणीनं सांगितलं, आत्ता तासाभरापूर्वीपर्यंत दाराकडे बघत होती.

ह्यांना मी त्यासाठी क्षमा केलेली नाही, हे इथे स्पष्ट नमूद करते. बोलले नाही, भांडले नाही, पण त्या दिवसापासून गाडीत बसले नाही. हे अजून दर रविवारी एकटेच हातभर पुढे, हातभर मागे जातात. उजवी सीट रिकामी. मी स्वयंपाकघरातून आवाज ऐकते. इंजिन फार सुरेख चालतं, ते मला कळतं, आणि म्हणून जास्त राग येतो.

७) अट. सोमवारी मी दवाखान्यात जाईन ती मागच्या बोळातून, टॅक्सीपर्यंत चालत. स्ट्रेचर त्या बोळात वळत नाही. जिवंत परत आले नाही, तर माझी तिरडी त्या बोळातून नेऊ नये. गणपती नेला तेवढा पुरे. आधी समोरची भिंत पाडावी, देवजीच्याच हातानं, आणि मला पुढून काढावं. मग कागदाचं जे व्हायचं ते होवो, खोली पाडायची तर पाडू देत. तेराव्याच्या आत सुनीतीनं उजव्या सीटवर बसावं आणि ह्यांनी तिला उरणला आजीच्या घरापर्यंत नेऊन आणावं. हे झालं तरच कलम १ खरं. न झाल्यास घर विकून पैसे उरणच्या बालवाडीला जावेत.

आणि मी परत आले, तर हे मृत्युपत्र फाडून टाकायला मला आवडेल. पण मी घरात समोरून येईन. भिंत असली तर तिच्याबाहेर खुर्ची टाकून बसेन. शेजाऱ्यांनी चहा आणून द्यावा. पोपटरावांनीसुद्धा चालेल.

मला मरणाची भीती वाटते, हे लिहायला हरकत नसावी. पण त्याहून जास्त भीती या घरात परत येऊन रविवारी तो आवाज ऐकत बसायची वाटते.

हे सर्व मी स्वतः वाचून, साक्षीदारांसमक्ष, आणि ह्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवून सही केली आहे. कलम ७ ला हे उठून समोरच्या खोलीत गेले.

सही : सुचित्रा नंदकिशोर चौबळ

साक्षीदार १ : पोपटराव सावळे, शेजारी. (तुळस दुसरी लावली आहे. तक्रार नाही.)

साक्षीदार २ : देवजी, गवंडी, राहणार घणसोली गाव, डाव्या हाताचा अंगठा. (साक्षीला येताना त्यानं पहार बरोबर आणली. "तुमी सांगलं नाय, पन आनली," म्हणाला. वकीलसाहेब म्हणतात, पहारीचा उल्लेख नको. मी केला.)

ठिकाण : वाशी, नवी मुंबई
दिनांक : १८ नोव्हेंबर १९८९, शनिवार

पतीची सही लागत नाही, असं सांगूनही ह्यांनी समोरच्या खोलीतून परत येऊन कागद मागून घेतला. खालची ओळ त्यांच्या हातची आहे, तिला सिमेंटची धूळ लागली आहे, ती तशीच राहू द्यावी :

सोमवारी टॅक्सी सांगू नये. — नंदकिशोर