काळ्या बाहुलीचा खिळा

प्रिय जगनदादा,

'प्रिय' लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं, लगेच फुगू नकोस. आपल्या धाकट्या नितीच्या लग्नात तू तिला मशीनची होडी देणार, हे साऱ्या तांड्याला कळलंय. मला दिवाळीला ओवाळणीत तुझी जुनी दिलीस तशीच, लाल रंगाची. तेव्हा मीही हुरळले होते. सिद्धेश्वरच्या धरणावर वल्ही मारून ह्यांचे खांदे भरून यायचे; भावाने तकलीफ ओळखली म्हणून घरोघर तुझं कौतुक सांगत फिरले.

मग धरणाच्या मध्यावर मागची फळी फुटली. तिला बांधलेलं मशीन पाण्यात गेलं आणि जाताना ह्यांचा उजवा हात चिरडून गेलं. दवाखान्यात येऊन तू काय म्हणालास? "दाजी, काहून मशीन एवढं जोरात हाणलं?" आणि हे बिचारे, आपलीच चूक समजून मान हलवत राहिले. आता त्या हाताने जाळं ओढता येत नाही, सदऱ्याची गुंडीसुद्धा मी लावून देते.

नजर लागू नये म्हणून तू प्रत्येक होडीच्या मागच्या फळीत खिळा ठोकतोस आणि काळी बाहुली टांगतोस. वरून फायबर, आत लाकूड. खिळ्याच्या भोकातून पाणी मुरलं आणि लाकूड भिजल्या भाकरीसारखं झालं. एवढ्यावर मी तुला माफ केलं असतं, नजरेची भीती मलाही आहे. पण मिस्त्रीने फळी उघडली तर लाल रंगाखाली पुट्टी निघाली, बोटभर जाड. म्हणजे फळी कुजलीय हे तुला माहीत होतं. स्वतः बसायला भ्यालास आणि बहिणीला दिलीस! लाज कशी वाटली नाही रे?

काल तू गोरेगावच्या बाजाराला गेलास तेव्हा मी तुझ्या अंगणात होते. नितीसाठी काढलेली तुझी दुसरी जुनी होडी हातोडीने वाजवून पाहिली. रंग ताजा, बाहुली नवी, आवाज मात्र भद्द. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला पोहताही येत नाही, दादा. मी फळी फोडायला लागले. पल्लवीवहिनी बाहेर आली, आतलं कुजलेलं लाकूड पाहिलं, मग घरात जाऊन पहार घेऊन आली.

फळी माझ्याकडे आहे, बाहुलीसकट. नितीच्या होडीला धड लाकडाची नवी फळी बसवलीस तर ही माझ्या चुलीत जाईल. नाहीतर हळदीच्या दिवशी मांडवात पाटावर ठेवून ह्या फळीलाच ओवाळीन, आणि का ओवाळते तेही सगळ्यांना सांगेन.

तुझीच म्हणवत नाही, बहीण तेवढी आहे,
पूजा