राधेचा गाल

४ एप्रिल २००६, मंगळवार
टाके निघाले. अकरा होते. डाव्या कानाच्या पाळीखालून ओठाच्या टोकापर्यंत. नर्सने आरसा दिला, बघितलं, परत दिला. सुरेखा बरोबर होती. बायको आहे, काहीतरी बोलेल असं वाटलं. म्हणाली, "रिक्षा करू या, ऊन फार आहे."
गालाला हात लावला तर हाताला गाल लागतो, गालाला हात लागत नाही. आतली नस कापली गेलीय म्हणे. पंधरा वर्षं प्रेसवर पत्रा घालतोय, ताटं-वाट्या किती काढल्या देव जाणे, आणि त्या दिवशी एक पट्टी सुटली ती थेट तोंडावर. डोळा वाचला हे जो येतो तो सांगतो. मला माहीत आहे डोळा वाचला.

७ एप्रिल
मंडळाचे तात्या येऊन गेले. दोन कप चहा, गावच्या पालखीच्या गोष्टी, आमच्या कोकणातल्या नमन-खेळाचा विषय नाही. म्हणजे डोक्यात तोच होता. जानेवारीत आपला प्रयोग. बारा वर्षं राधा मी करतोय. कृष्ण तीन झाले, गौळणी कितीतरी आल्या-गेल्या, राधा तीच. गल्लीत कारागीर मला राधाबाई म्हणतात, मला चालतं. ते एक काढून घेतलं तर मी नुसता प्रेसवरचा विलास.
जिना उतरताना तात्या म्हणाले, "गाल बरा कर आधी." बस, एवढंच.

११ एप्रिल
डॉ.बाईंना दाखवलं. नर्सिंग होमला मंगळवार-शुक्रवार येतात, कापलं-भाजलेलं नीट करण्यातल्या तज्ज्ञ. मूळच्या तामिळ. हिंदीत सुरुवात केली तर म्हणाल्या, "मराठी बोला, मी शिकते आहे." कागदावर कातडीचं चित्र काढलं. जखम झाली की शरीर मिळेल त्या दोऱ्याने घाईघाईत शिवतं, जाडंभरडं. मग वर्षभर तेच उसवून नीट करत बसतं. तोवर लाल, कडक, खाजरं राहणार. याला व्रण म्हणायचं, डाग नाही.
"जानेवारीपर्यंत जाईल?"
"जात नाही. बारीक होतो."
"ऑपरेशन?"
"करू शकतो. पण आता नाही. हा अजून पिकला नाही. पिकल्यावर बघू."
मलम दिलंय. ऊन टाळायचं. पंधरा दिवसांनी मालिश शिकवणार.

१२ एप्रिल
पिकल्याशिवाय काही करता येत नाही, एवढं सु.ला सांगितलं. तिने लगेच गावाला तिच्या आईला फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "पिकत नाय तर पोटीस बांधा, गळू नाय पिकवत आपण?" खरंच की. सातवीत मांडीवर आलेलं गळू असंच पिकवलं होतं. कणीक, हळद, तेल, गरम करून फडक्यात.

१४ एप्रिल
पोटीस दिवसातून तीनदा. सु. विचारते, पोळतंय का? मी म्हणतो, काही कळत नाही, अजून गरम कर. पिकायचं नाव नाही.

१६ एप्रिल, रविवार
गाल सुजला. सु. खूश. म्हणाली, धरतंय आता.

१८ एप्रिल
फोड आलेत. डॉ.बाईंनी उभ्यानेच फडकं सोडलं आणि स्टुलावर बसल्या.
"हे कोणी सांगितलं?"
"तुम्हीच. पिकला नाही म्हणालात."
"मी भाजायला सांगितलं?"
मग कंपाउंडरला बोलावलं. त्याने सांगितलं, बाई, जखम पिकली म्हणजे पू झाला. डॉ.बाईंचा चेहरा पडला. "पण आंबा पिकतो ना? तुम्ही रत्नागिरीचे, म्हणून मी मुद्दाम तो शब्द..." मला हसू आलं. हसलो तर ओठाचं टोक तडकलं. म्हटलं, बाई, लोणचं मुरतं तसं मुरायला हवा, असं म्हणायचं होतं तुम्हाला. त्यांनी वही काढून लिहून घेतलं: मुरणे. आणि दोनदा माफी मागितली. डॉक्टरने माफी मागितलेली मी पहिल्यांदाच पाहिली.
नवी कातडी, त्यात बधिर, म्हणून पोळलेलं कळलं नाही. आता व्रण जाड होणार, ओठ ओढला जाईल. जानेवारीचं विचारलं तर त्या नवं मलम लिहायला लागल्या.
घरी येईपर्यंत हसू संपलं. सु. जेवली नाही. मीही तिला जेव म्हटलं नाही, हे चुकलं.

९ मे
कामावर रुजू. मालिश सुरू. अंगठा दाबून गोल गोल, दहा मिनिटं, तीनदा. त्यावर पारदर्शक जेल. सकाळचं सु. करते. पोटीस बांधल्यापासून तिचा हात फार हलका झालाय. डॉ.बाई म्हणाल्या होत्या, जोर लावा. मी म्हणतो जोर लाव, ती लावत नाही.

२ जून
स्टेशनजवळ रिक्षाच्या रांगेत एकाने मला पुढे जायला दिलं. "आप जाओ भाई." दुकानदार सुट्टे मोजून हातात देतो. काल काशीगावला चुलत्याकडे गेलो तर शेजारच्याने हळूच विचारलं, "किसका आदमी है?" गालावर तिरपी चीर म्हणजे वस्तरा, वस्तरा म्हणजे भाई. आणि मी बारा वर्षं राधा. चुलता पोट धरून हसला. मीही हसलो, उजव्या बाजूने.

११ जुलै
कडक दोरी झालीय. ओठाचं डावं टोक वर खेचलेलं. आज घरी कोणी नव्हतं तेव्हा गौळण गाऊन बघितली. प आणि ब नीट येत नाहीत, हवा निसटते. सूर आहे तिथेच आहे. पदर घेऊन आरशासमोर मान वळवली. राधेची नजर खाली असते, ओठ मिटलेले असतात. माझे मिटत नाहीत.
मोरीत नळ सोडून रडलो. लिहून ठेवतो, नाहीतर पुढे म्हणेन रडलो नव्हतो.

१५ ऑगस्ट
डॉ.बाईंनी व्रणात सुई दिली. दोरी मऊ होण्यासाठी, महिन्याला एक. गालाला कळत नाही असं समजून निवांत बसलो होतो. कळलं. चांगलं कळलं. डॉ.बाई खूश, म्हणजे नस जागी होतेय म्हणे. म्हणाल्या, "मुरतोय." शब्द आता बरोबर वापरतात, दर वेळी माझ्याकडे बघून.

१० सप्टेंबर, रविवार
गणपती झाले. तात्यांच्या घरी मंडळाची बैठक. राधा प्रकाशला दिली. कुरिअरमध्ये आहे, सव्वीस वर्षांचा, गौळणींत शेवटी उभा राहायचा. रंग गोरा, आवाज पातळ. कोणी माझ्याकडे बघेना. मग तात्या म्हणाले, "विलास, तू मावशी कर. मावशीला तोंड कसं पण चालतंय."
मावशी. गौळणींच्या पुढे काठी टेकत चालणारी बोळकी थेरडी, लोकांनी हसायचं म्हणून. उठून आलो. चप्पल दुसऱ्याची घालून आलो.

१२ सप्टेंबर
सु. म्हणते, नको करूस, एक वर्ष घरी बस, ऑपरेशन झालं की बघ. मी म्हटलं, राधा एकदा गेली की परत येत नाही, आणि हे माझ्या तोंडाला तुझ्या आईने... पुढचं गिळलं. पण तिने ऐकलं. ती आत गेली.
चूक कोणाची ते मला माहीत आहे. अजून गरम कर असं मीच म्हणत होतो.

१७ सप्टेंबर
तात्यांना निरोप दिला, करतो. चप्पलही परत केली.

३ डिसेंबर
तालीम. प्रकाश राधा चालतो म्हणजे कुरिअर पोचवायला निघाल्यासारखा चालतो. तात्या म्हणाले, दाखव त्याला. दाखवलं. टाच आधी नाही, चवडा आधी. घडा डोक्यावर आहे हे मानेला माहीत पाहिजे. तो म्हणाला, "विलासदादा, तुम्हीच करा ना, पदराने झाकता येईल." चांगला पोरगा आहे. त्याचा राग करायला जीव होत नाही, करून बघितला.

२९ जानेवारी २००७, सोमवार
काल संध्याकाळी प्रयोग. हॉल भरला, उत्तनहूनही माणसं आली होती. रंग मी स्वतः लावला. डॉ.बाईंनी परवानगी दिली, पण व्रणावर नको म्हणाल्या, म्हणून ती पट्टी तशीच उघडी. सगळ्या तोंडाला रंग, आणि मध्ये ती रेघ.
प्रकाशची राधा बरी झाली. टाळ्या मिळाल्या. माझ्या बारा वर्षांएवढ्या नाहीत, असं मला वाटलं, सु.ला विचारलं नाही.
मावशी आली. कृष्णाच्या सवंगड्याने, पेंद्याने, वाट अडवली आणि तालमीत नव्हतं ते विचारलं. "मावशे, तोंड गं का वाकडं तुझं?" हॉल एकदम गप्प. सगळ्यांना माहीत होतं. पेंद्यालाही उमगलं काय विचारून बसलो ते, त्याचा चेहरा बघवेना. मी काठी टेकली. म्हटलं, "दुधानं पोळलं रं बाबा, तवापासून ताक पन फुंकून पिते." आणि त्या ओढलेल्या टोकाने फूं केलं. शिट्टीच वाजली.
मृदंगवाला थांबला इतके हसले. पुढचं वाक्य बोलायला जागा मिळेना. मी परत फूं केलं. बारा वर्षांत असं ऐकलं नव्हतं. अंगावर काटा आला, सुखाचा होता, खोटं का बोलू.
आत आल्यावर तात्यांनी मिठी मारली. "आता मावशी तुझी. तोंड असंच ठेव."

६ फेब्रुवारी, मंगळवार
डॉ.बाईंनी बोटाने दाबून बघितलं. मऊ झालाय, फिकाही. आता हात लावता येईल म्हणाल्या. ओठाचं टोक सोडवायचं, रेघ कापून आडवीतिडवी बसवायची म्हणजे हसताना ओढ लागणार नाही. रेघ राहीलच, पण बारीक. ओठ मिटतील. मार्चमध्ये तारीख आहे, हो-नाही शुक्रवारी कळवा.
ओठ मिटले की राधा मागता येईल. प्रकाश देईलही. मिटले की ती शिट्टी मात्र जाणार, आणि पुढच्या वर्षी लोक मावशीची वाट बघणार. जिन्यात दोघांनी काल फूं करून दाखवलं. हसलो. वर आल्यावर चहा गार होईपर्यंत बसून होतो.
सु. भाकरी थापत होती. विचारलं, "त्या दिवशी लोक मावशीला हसले की मला?"
भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "मला नाही माहीत. मी हसले नाही."