रेखाचे आठ दिवस

ढोकी, मंगळवार, संध्याकाळ

आज चहात आलं नव्हतं. एवढा घोर अन्याय होऊनही घरात कुणी दिलगिरी व्यक्त केली नाही. पण चहा तसाच ठेवला तो त्यामुळं नव्हे.

शेजारच्या रेखानं बाळ दत्तक द्यायला बाल कल्याण समितीसमोर सही केली, त्याला आज बावन्न दिवस झाले. काल हळूच विचारत होती, "मावशी, मन बदललं तर?" आणि मी, गावभर शहाणपण वाटत फिरणारी, म्हणाले, "सही झाली बाई, आता विसर." तिचे वडील, अण्णा, तर म्हणतात, "सुपारी फुटली. आता मोडता येत न्हाय."

आज तिनं सहीचा कागद वाचायला आणून दिला. त्यात लिहिलंय, सहीपासून साठ दिवसांत बाळ परत मागता येतं. साठ! म्हणजे अजून आठ आहेत. न वाचताच बोलले मी?

तशीच उठून गेले. अण्णा दारातच. "कशाला पोरीला नादी लावता?" एरवी सोडलं नसतं, आज गुमान आत गेले.

"काल चुकीचं सांगितलं, रेखा. माफ कर. आठ दिवस आहेत. द्यायचं का आणायचं, तूच ठरव."

ती दाराकडं बघत राहिली. "पुन्हा म्हणा, मावशी. अण्णांना ऐकू जाईल असं."

म्हटलं.