फ्रिजवरची नादिर

८ मार्च, रविवार

पुन्हा ती! क्रुगरांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दारावर, गॅसवाल्याच्या नंबराशेजारी. पिवळा ब्लाऊज, मागे आफ्रिकेचा नकाशा, शेजारी नवरा. खाली लिहिलेलं – "प्रार्थनेत आठवण ठेवा, नादिर आणि ओझियास." गेल्या महिन्यात ज्या ज्या घरी उतरलो, त्या त्या घरी ही बाई आमच्या आधी हजर.

आमचंही चित्र छापून आलंय. मागे चुंबक, म्हणजे लोकांनी फ्रिजला चिकटवावं आणि सकाळी कॉफी घेताना आमच्यासाठी प्रार्थना करावी. त्यात माझा नवरा एलिएल छान दिसतो. मी दाढ दुखत असल्यासारखी! क्रुगरांच्या आजीने, दोना एर्नाने, ते हौसेने लावलं – पण जुनं काढलं नाही. "मिशनरींचं चित्र फेकायचं कसं गं पोरी? हात झडेल." म्हणून आमचं त्यांच्यावरच. माझ्या कानामागून नादिरचा पिवळा खांदा बाहेर डोकावत राहिला. जेवताना सगळं लक्ष तिथेच.

आम्ही जिथे जाणार, गिनी-बिसाऊच्या त्याच गावात हे दोघं गेले होते. तो तापाने गेला. ती परत आली. याच्यापुढे कुणी बोलत नाही. लगेच केक पुढे करतात.

११ मार्च, बुधवार

घर गेलं, सामान विकलं, उरल्या दोन पेट्या आणि पाळक अबिमाएल यांची खडखडणारी गाडी. ते आम्हाला गावोगावच्या चर्चमधल्या मंडळ्यांत नेतात. एलिएल उपदेश करतो, मी साक्ष देते, म्हणजे देवाने कसं बोलावलं ते सांगते, लोक दर महिन्याला काही पाठवण्याचं वचन देतात. पुरेशी वचनं जमली की तिकिटं. जुलैपर्यंत जमली नाहीत तर ती जागा दुसऱ्या जोडप्याला.

हे इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार? – न जमोत! देवाचं पाचारण एलिएलला आलं. वायरमन माणूस, खांबावर चढलेला असताना आलं म्हणे. मला कुणी बोलावलं नाही. मी हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसणारी बाई. मीही कान देऊन बसले होते. नळ गळत होता, तेवढंच ऐकू आलं.

१५ मार्च, रविवार

पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "जुसाराताई, 'नवरा जातोय म्हणून मी जाते' ही साक्ष नव्हे हो, ही तक्रार झाली. देव तुमच्याशीही काही बोलला असेलच की!"

मग आज देव बोललाच! सांगितलं की भांडी घासत होते, नळ गळत होता, आणि एकदम थांबला. त्या शांततेत माझं नाव ऐकू आलं. कुठून सुचलं कोण जाणे. पुढच्या बाकावरच्या बायका डोळे पुसायला लागल्या. मलाही हुंदका आला – खरा!

गाडीत एलिएल माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"राहून गेलं," म्हटलं.

त्याने माझा हात धरला. मला हात ओढून घ्यावासा वाटला.

२२ मार्च, रविवार

मंडळीतल्या झुल्मिराच्या घरी उतरलोय. सकाळी तिच्या दोन्ही छोट्या मुली फ्रिजसमोर डोळे मिटून उभ्या. "देवा, नादिरकाकूला सांभाळ. ओझियासकाकांना ताप येऊ देऊ नकोस. आमेन."

ओझियासला जाऊन दोन वर्षं झाली!

झुल्मिराने मला कॉफीच्या निमित्ताने ओट्याकडे नेलं. "मुलींना सांगितलं नाही हो. दोघी रोज न चुकता प्रार्थना करत होत्या. आता काय सांगू त्यांना?"

एलिएलने ऐकलं असावं. हातातली पोळी त्याने बशीत ठेवली ती पुन्हा उचलली नाही. मग त्यांच्या फ्यूजच्या पेटीत डोकं घालून बसला. जिथे जाऊ तिथे काहीतरी दुरुस्त करायला मागतो हल्ली.

२३ मार्च, सोमवार

"याच पलंगावर नादिर झोपायची, बरं का!" – झुल्मिरा, चादर बदलताना, कौतुकाने. गादीला डाव्या अंगाला खळगा आहे. मी उजव्या अंगाला, भिंतीला चिकटून झोपले.

१२ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

उपासनेनंतर दारात एका म्हाताऱ्या आजोबांनी हाक मारली. "नादिर!" आणि मी "ओ" दिली. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. सुनेने सावरून घेतलं, "बाबांना कमी दिसतं." मग स्वतःच म्हणाली, "पण हसताना तुम्ही अगदी तिच्यासारख्या दिसता हं."

हसणं बंद करावं का?

एलिएलचा उपदेश आज फारच आटोपता. माझी साक्ष मात्र लांबली. लोक म्हणाले, आग बाईत आहे. पाळकसाहेब खूश, वचनं भराभर येतायत. आणि मला... लिहूनच टाकते – मला आवडलं. गल्ल्यावर होते तेव्हा लोक माझ्याशी फक्त सुट्ट्या पैशांवरून भांडायचे. आता गावं माझी वाट बघतात. दोना एर्ना माझ्यासाठी बुधवारचा उपास धरते. त्या वयात, मधुमेह असताना!

२६ एप्रिल, रविवार

गाडीत विचारलंच. "पाळकसाहेब, नादिर कुठे असते?"

"बहिणीकडे. विश्रांती घेतेय."

"मंडळीत येते?"

"तिला वेळ द्यायला हवा, ताई."

परत आलेल्या मिशनरींना प्रत्येक मंडळीत उभं करतात, तिकडची हकीकत ऐकतात, रुमाल ओले होतात. तिला एकाही मंडळीने बोलावलेलं नाही. एलिएल मागच्या सीटवर होता. खिडकीतून कॉफीची वाळवणं बघत होता, असं वाटलं तरी.

१० मे, रविवार

मातृदिन. सगळ्या आयांना गुलाब. मी हात पुढे केला नाही, तर एकीने मागून येऊन कोंबलाच. "तिकडची मुलं तुमचीच की!"

१६ मे, शनिवार

आज ती भेटली.

कोलातिना गावच्या बाजारात. एलिएल पाळकांबरोबर टायर बघायला गेलेला, मी एकटीच. अंडी आणि मक्याचं पीठ घेऊन बसलेली एक बाई. केस बारीक कापलेले, जवळजवळ पांढरे. खांदा ओळखला मी. चेहऱ्याआधी खांदा!

"अंडी घेणार की नुसतं बघणार? माझ्याकडे बघून ऑम्लेट होत नाही."

मी घुटमळले. तीच म्हणाली, "तू नवी ना?"

"तुम्हाला कसं –"

"हसू ओठांवर तयार ठेवलंयस. कुणी बघितलं की लगेच द्यायला. मीही ठेवायचे. गाल दुखतात ना संध्याकाळी?"

दुखतात! मी पहिल्यांदा कुणापाशी तरी "हो" म्हटलं.

मग ती अंडी वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता बोलत राहिली. आवाज चढला नाही, उतरला नाही. "तिकडे वाईट नव्हतं गं. लोक भले. आपल्यासारखेच, भात खाऊन गप्पा मारत बसणारे. पहिलं वर्ष झकास गेलं. मग याला तापामागून ताप. म्हणाला, नादिर, घरी जाऊ या. मी काय म्हटलं माहितीय? कोणत्या तोंडाने जायचं? घरोघरी रोज आपलं नाव घेतायत लोक. लहान मुलं घेतायत. त्यांना काय सांगायचं, जमलं नाही? तो पुन्हा बोलला नाही. समजूतदार होता फार."

"पाळकसाहेबांना माहीत आहे हे?"

"सगळं सांगितलं. म्हटलं, मंडळीपुढे उभी राहून सांगते, पुढच्यांना उपयोग होईल. म्हणाले, तुम्ही विश्रांती घ्या." ती हसली. खरंच माझ्यासारखी हसते! "तेव्हापासून घेतेच आहे."

मी पैसे काढायला लागले तर तिने माझं मनगट धरलं. "तुझा नवरा नीट जेवतो ना?"

"हो की! अगदी ठणठणीत आहे."

"बरं." मनगट सोडलं. "तो काही म्हणाला तर ऐक. काही म्हणत नसेल तर तूच विचार. चारचौघांत नको, एकटा असताना."

अंडी झुल्मिराला दिली. कुठून आणली ते सांगितलं नाही. एलिएलची पँट कमरेत दोऱ्याने आवळलेली असते हल्ली, हे मला रोज दिसतं. मग खोटं का बोलले मी? तिच्याशी! जिला खरं सांगायला हरकत नव्हती, अशी ती एकच बाई.

१७ मे, रविवार

विचारलं नाही. दिवसभर माणसं होती.

२० मे, बुधवार

आज माणसं नव्हती. तरी नाही.

३१ मे, रविवार

वचनं पूर्ण झाली! पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं तशी सगळी मंडळी उभी राहिली, टाळ्या, गाणं, दोना एर्ना नाचली – काठीसकट! मी रडले. मार्चमध्ये "न जमोत" लिहिलं होतं ती मीच का? आज कुणी म्हटलं असतं की एक वचन मागे घेतलंय, तर मी त्याच्या दारात जाऊन बसले असते.

एलिएल हसला. फोटोत हसलाय तसाच, तेवढाच.

१ जून, सोमवार

क्रुगरांच्या फ्रिजवर आता फक्त आम्ही. दोना एर्ना म्हणाली, "काढून टाकलं बाई शेवटी. आता तुम्ही आहात ना!" आमचं तिने शेजारी लावलंय; त्यांच्या जागी पांढरा चौकोन राहिलाय, बाकी दार पिवळट. मला वाटलं होतं, ती गेली की सुटेन. पण सकाळभर त्या चौकोनाकडेच डोळे. शेवटी आमचं चित्र सरकवून त्यावर नेलं.

१४ जून, रविवार

जेवायला दोघेच होतो. फार दिवसांनी.

"एलिएल –" म्हटलं.

त्याने चटकन वर पाहिलं. इतक्या आशेने पाहिलं!

"मीठ दे," म्हटलं.

२८ जून, रविवार

लस टोचली. दोघांचे दंड सुजलेत. तिकिटं पाळकसाहेबांच्या टेबलाच्या खणात. झुल्मिराच्या मुली आता आमची नावं घेतात. "एलिएलकाकांना ताप येऊ देऊ नकोस." शब्द तेच, नाव तेवढं बदललं. मी "आमेन" म्हटलं. त्याने म्हटलं की नाही ते मी पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं.

४ जुलै, शनिवार

बाजारात ती लांबून दिसली. तिनेही मला पाहिलं. हात वर केला.

मी दुसऱ्या गल्लीने गेले.

१२ जुलै, रविवार

निरोपाच्या उपासनेआधी पाळकांच्या खोलीत आम्ही दोघेच होतो. एलिएल कोट मांडीवर घेऊन बसून राहिला. म्हणाला, "जुसा, मला जायचं नाही. त्या पोरींची प्रार्थना ऐकली तेव्हापासूनच नाही. पण तुला एवढं स्पष्ट बोलावणं आलंय. तू नळाची गोष्ट सांगतेस तेव्हा मला वाटतं, मी कोण आडवा येणारा?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बाहेर गाणं सुरू झालं होतं. सगळी गावं आली होती.

मी म्हणाले, "कोट घाल."

त्याने घातला. गुंड्या मी लावल्या.