शालीआडचा चेहरा

रविवार, संध्याकाळ. लीड्स

सकाळी विहारात पाहुण्या ताईंना मीच शाल घातली. आफ्रिकेतल्या त्यांच्या देशात त्या तुरुंगातल्या माणसांसाठी लढतात. देशाचं नाव इथे डायरीतही लिहीत नाही. त्यांच्या भाषणानंतर फोटोच्या वेळी त्यांनी शाल तोंडावर ओढली. "लाजल्या बघा!" आम्ही हसलो आणि ती खाली घ्यायला लावली. फोटो मी लगेच विहाराच्या फेसबुक पेजवर टाकला.

निघताना त्या मला हळूच म्हणाल्या, "शुक्रवारी घरी परततेय. इथे बोलले हे तिथे कळलं तर विमानतळावरच उचलतील."

आमच्या सेक्रेटरी कांबळेकाकांना फोन केला. "अरे, केवढे लाइक आलेत! राहू दे की."

काकांचा शब्द कधी मोडला नाही. पण वंदनेत मन लागेना. ती तोंडावर ओढलेली शाल... लाज कसली, भीती होती ती. उठलो आणि काकांना न विचारता फेसबुकवरून फोटो काढून टाकला.