न घेतलेल्या नोकरीवर हजर होण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
डोंगररस्ते व पूल कार्यालय,
उत्तर विभाग.

विषय : अरुंद पुलावरील फाटकवाल्याच्या पदावर अर्जदारास कायम समजावे व तेथील खोलीत राहणाऱ्या इसमास हलवू नये, याबाबत.

संदर्भ : १) आपले प्रशंसापत्र.
२) त्यानंतर नऊ दिवसांनी आलेली आपली कारणे दाखवा नोटीस.
३) अर्जदाराचा पहिला अर्ज, जो या अर्जाने मागे घेण्यात येत आहे.

महोदय,

प्रथम एक खुलासा. अर्जदाराचा मेहुणा कचेरीतून निवृत्त झालेला असून त्याने बजावले आहे की, अर्जात 'मी' लिहू नये, 'मी' लिहिले की साहेबांना वाटते हा भांडायला आला आहे. म्हणून येथे सर्वत्र 'अर्जदार' असे लिहिले आहे. हा अर्जदार म्हणजे खाली सही करणारा इसमच आहे.

१. अर्जदार पुस्तकबांधणीचे काम करतो. कोर्टामागच्या गल्लीत त्याचे दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात त्याचा मित्र घड्याळे दुरुस्त करतो. या मित्रास सर्वजण 'सावकाश' म्हणतात व तो त्या हाकेला ओ देतो. मधली भिंत पातळ असल्याने गेली तीस वर्षे अर्जदाराच्या हातोडीचा आवाज त्याच्याकडे व त्याच्या घड्याळांची टिकटिक अर्जदाराकडे जात आली आहे. दोघांनी मिळून उत्तरेकडच्या डोंगरात मोटारसायकलवरून हिंडून येण्याचे अकरा वर्षांपूर्वी ठरवले होते. यंदा निघणे झाले. अर्जदाराच्या पत्नीने बारा दिवसांची परवानगी दिली होती.

२. मोटारसायकल सावकाशची व चालवणाराही तोच. अर्जदाराचे काम मागे बसून नकाशा धरण्याचे होते. हा प्रवास किती आरामात चालला होता हे कळण्यासाठी एवढेच नमूद करतो की, पहिल्याच चढावर दुधाचे कॅन लावलेल्या सायकलवरील एका बाईने आम्हांस मागे टाकले, वरच्या वस्तीत दूध घातले, व परत येताना ती आम्हांस त्याच चढावर भेटली. तिने चौकशी केली, "गाडी बंद पडलीय का?" सावकाश म्हणाला, "नाही, बघतोय." दरीत ढग उतरत होता, तो पाहणे चालले होते. अर्जदारासही घाई नव्हती. तीस वर्षे दुसऱ्यांची पुस्तके शिवल्यावर माणसाला थोडे नुसते बसावेसे वाटते.

३. सहाव्या दिवशी आम्ही उपरोक्त पुलापाशी पोहोचलो. हा पूल एका वेळी एकच वाहन जाईल इतका अरुंद असून खाली नदी फार खोल आहे. सकाळी बारापर्यंत वाहने वर जातात, बारा ते दोन पुलाला विश्रांती, दोननंतर वाहने खाली येतात, हा नियम आपणास माहीत आहेच. वाटेत सावकाशने अक्रोडाच्या एका झाडाखाली तास घालवल्याने आम्ही पोहोचलो तेव्हा वर जाण्याची वेळ टळून गेली होती. फाटकवाल्याने सांगितले की, आता उद्या सकाळी. त्याचा उजवा गाल सुजून बटाट्यासारखा झाला होता. त्याने चहा दिला, पण स्वतः घेतला नाही, कारण गरम काही तोंडात घेणे त्यास शक्य नव्हते.

चहा होईपर्यंत तो गाल धरून उभा राहिला व मग म्हणाला, "दादा, अर्धा तास फाटकाची दोरी धराल? खाली जाऊन दात काढतो आणि आलोच. पांढरा झेंडा म्हणजे सोडायचं, लाल म्हणजे थांबवायचं. आणि वहीत सही करायची. कुणाची का असेना, रकाना मोकळा राहता कामा नये." एवढे बोलून तो बटाट्याच्या ट्रकमध्ये चढला.

येथे अर्जदार आपली चूक कबूल करतो. दुपारनंतर पूल वर जाणाऱ्यांस बंद, म्हणून खालून वाहनेच निघत नाहीत, त्यामुळे खाली गेलेल्या मनुष्यास सकाळपर्यंत वर येणेच शक्य नव्हते. ही गोष्ट फाटकावरच्या माणसाच्या ध्यानात यायला हवी होती. फाटकावरचा माणूस त्या वेळी अर्जदार होता.

४. फाटकवाला एकोणिसाव्या दिवशी परत आला.

५. मधल्या काळात अर्जदार निघून का गेला नाही, असा प्रश्न आपल्या नोटिशीत नाही, उलट नंतर का गेला असा आहे. तरीही उत्तर देणे भाग आहे. फाटकाचा बांबू खाली ठेवून निघावे, तर दोन्ही बाजूंनी वाहनांची रांग लागते. वर करून निघावे, तर दोन बसगाड्या पुलाच्या मध्यावर समोरासमोर येतात. अर्जदाराने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक चालकास विनवले की, बाबा, दोरी धर. कोणी म्हणाला माल नासेल, कोणी म्हणाला परत येताना बघू.

चौथ्या दिवशी अर्जदार व सावकाश यांचे भांडण झाले. अर्जदार म्हणाला, "आपण फिरायला आलोय, नोकरीला नाही." सावकाश म्हणाला, "मग जा. दोरी कुणाच्या हातात देतोस तेवढं सांग आणि जा." अर्जदारास राग आला. त्याने पिशवी उचलली व खाली जाणाऱ्या ट्रकमध्ये बसला.

पुलाला टोके दोन असल्याने एकट्या माणसास एका टोकाची दोरी खुंटीला बांधून दुसऱ्या टोकाला झेंडा घेऊन पळत जावे लागते. पहिल्या वळणावरून अर्जदाराने मागे वळून पाहिले तर पुलावरून सावकाश पळत होता. तीस वर्षांत अर्जदाराने त्यास पळताना पाहिले नव्हते. दुकानाच्या पाठीमागे आग लागली होती तेव्हाही तो चालत बाहेर आला होता. एका हातात लाल झेंडा, दुसऱ्या हाताने पायजमा सावरलेला, आणि पुढे हॉर्न वाजवणारी बस. अर्जदाराने ट्रक थांबवण्यास सांगितले व उतरून परत गेला. त्या दिवसापासून एक टोक अर्जदाराकडे व एक सावकाशकडे अशी वाटणी झाली.

६. सदर काळात आमच्याकडून दोन आगळिकी घडल्या.

पहिली आगळीक सावकाशची. फाटकाच्या खोलीतील भिंतीवरचे घड्याळ किती वर्षे बंद होते हे कोणास ठाऊक नाही. फाटकवाला उन्हाची तिरीप उंबऱ्यावर आली की फाटक फिरवत असे व ढगाळ दिवशी भुकेवर चालवत असे. बंद घड्याळाखाली सावकाशला झोप लागेना. त्याने ते उघडले, आतून दोन मेलेल्या माशा काढल्या, हत्यारे नव्हती म्हणून मोटारसायकलच्या सामानातील तारेने काम भागवले व घड्याळ सुरू केले.

दुसरी अर्जदाराची. फाटकाच्या वहीचा कणा तुटला होता व पाने सुटून वाऱ्यावर जात होती. अर्जदाराने पोत्याचा दोरा काढून ती पुन्हा शिवली व खळ करून पुठ्ठा बसवला. हे त्याने सवयीने केले. रोज संध्याकाळी तीत पत्त्यासह स्वतःची सही केली, कारण दुसऱ्याची करणे खोटेपणाचे झाले असते.

७. घड्याळ सुरू झाल्याने पूल वेळेवर चालू व बंद होऊ लागला. याचा वाहनचालकांस फार त्रास झाला. पंधराव्या दिवशी वरून आपल्या कार्यालयाचे उपअधिकारी साहेब जीपमधून आले. दोन वाजायला चाळीस मिनिटे होती. त्यांनी हॉर्न वाजवला. सावकाश जीपपाशी जाऊन म्हणाला, "साहेब, अजून सदतीस मिनिटं आहेत. चहा घ्या." साहेब म्हणाले, "मी कोण आहे माहीत आहे का?" सावकाशने विचार करून सांगितले, "नाही. पण सदतीस मिनिटं आहेत." साहेबांनी चहा घेतला. नंतर वही मागवली, ती उलटसुलट करून पाहिली व शेरा लिहिला की, काम चोख आहे, वही नीट ठेवली आहे, सही करणाऱ्या कर्मचाऱ्याची नोंद घ्यावी. अर्जदारास बरे वाटले हे तो नाकारत नाही. पुस्तकबांधणीत कोणी शेरा देत नाही.

८. फाटकवाला आला तो गाल उतरलेला, चांगला दोन शेर अंगाने भरलेला, असा आला. अर्जदाराने त्यास कडक शब्दांत विचारले. तो म्हणाला, "दादा, दात पहिल्याच दिवशी काढला. बाहेर येऊन रस्त्यावर उभा होतो. समोर बस लागली, पाटीवर माझ्या बहिणीचं गाव. अकरा वर्षं तिला बघितलं नव्हतं. कंडक्टर म्हणाला, बसायचंय का? तोंडात कापसाचा बोळा होता, नाही म्हणता येईना." अकरा वर्षांत बदली माणूस न मिळाल्याने तो पुलावरून हललेला नव्हता. बहिणीने आधी दार लावून घेतले व मग उघडले, आणि पुढे सोडीना. तिने आमच्यासाठी तीळ लावलेल्या रोट्यांचे बोचके दिले होते. कडक शब्द तेवढ्यावर संपले.

९. अर्जदार घरी परतला. पुलावरून धाडलेला निरोप तीन ट्रकचालकांच्या तोंडून फिरत गेल्यामुळे त्याच्या पत्नीस 'नवरा उत्तरेला नोकरीला लागला' एवढेच कळले होते. तिने त्याचे कपडे कपाटातून काढून ट्रंकेत भरले होते. तिची समजूत घालण्यास चार दिवस लागले. पाचव्या दिवशी आपले प्रशंसापत्र आले व केलेली समजूत वाया गेली.

त्यानंतर नोटीस आली. 'आपण पद सोडून कोणाच्या परवानगीने गेलात?' पाठोपाठ गणवेशाचे पार्सल आले. गणवेश अर्जदारास दोन्ही खांद्यांत घट्ट होतो. तो बारीक अंगाच्या फाटकवाल्याकडे पाठवून दिला असून त्यास बरोबर बसल्याचे कळले आहे.

१०. अर्जदाराने मेहुण्याच्या सल्ल्याने पहिला अर्ज केला की, आपण कर्मचारी नसून पर्यटक आहोत. त्यास आपल्या कार्यालयाचे उत्तर असे : अर्जदार कर्मचारी नसेल, तर मूळ फाटकवाला एकोणीस दिवस गैरहजर होता, सबब त्यास बडतर्फ करण्यात येईल. अर्जदार कर्मचारी असेल, तर एका पदावर दोन माणसे ठेवता येत नाहीत, सबब मूळ फाटकवाल्याने महिनाअखेर खोली रिकामी करावी. शिवाय, पर्यटक वही शिवत नाही.

म्हणजे अर्जदाराने खरे सांगितले तरी फाटकवाला जातो व खोटे सांगितले तरी जातो. मेहुण्याने हे उत्तर तीनदा वाचले, चष्मा पुसला व म्हणाला, "यात आता तूच तेवढा वाचतोस. गप्प बस." सावकाश भिंतीपलीकडून ऐकत होता. त्याने हत्यारे खाली ठेवल्याचा आवाज आला.

११. परवा एका ट्रकचालकाने फाटकवाल्याची चिठ्ठी आणून दिली. ती जशीच्या तशी देत आहे : 'दादा, खोली सोडायला सांगितलंय. सोडतो, पण दोरी कुणाला देऊ ते कागदात लिहिलेलं नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. सही तुमच्या नावाची करू की माझ्या, तेवढं कळवा.'

१२. अर्जदाराने नियमांचे पुस्तक मिळवून पाहिले. त्याची बांधणी अत्यंत वाईट असून मधली आठ पाने उलटी लागली आहेत. त्यांतच असा नियम सापडला की, फाटकावरील कर्मचाऱ्यास खोलीत कुटुंबीय ठेवता येतात व तो आजारी किंवा रजेवर असता प्रौढ कुटुंबीयाने फाटक सांभाळल्यास हरकत घेतली जाणार नाही. सबब अर्जदाराची प्रार्थना अशी :

(अ) अर्जदार हा आपला कर्मचारी असल्याचे त्यास मान्य आहे. पहिला अर्ज रद्द समजावा.

(आ) अर्जदार येत्या सोमवारी निघून पुलावर रीतसर हजर होईल, वहीत सही करील व त्याच दिवसापासून आजारी पडेल. आजार सेवेच्या अखेरपर्यंत टिकेल असे दिसते.

(इ) खोलीत राहणारा इसम हा अर्जदाराचा धाकटा भाऊ आहे, अशी नोंद घ्यावी.

या शेवटच्या कलमाबाबत पुरावा मागितला जाईल, म्हणून आधीच लिहितो. अर्जदार आईवडिलांचा एकुलता एक आहे, हे शाळेच्या दाखल्यावरून उघड होण्यासारखे आहे. म्हणून मसुद्यात त्याने प्रथम 'चुलत भाऊ' असे लिहिले होते. हा मसुदा व वरील चिठ्ठी अर्जदाराच्या पत्नीने वाचली. गेला महिनाभर ती अर्जदाराशी कामापुरतेच बोलत होती. चिठ्ठी तिने दोनदा वाचली, घडी घालून फळीवरच्या डब्याखाली ठेवली व म्हणाली, "चुलत कशाला? सख्खा लिहा. चुलत लिहिलंत तर पुन्हा पत्र येईल." थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिने विचारले, "तिथं थंडी असते ना? त्यांच्या अंगावर काय असतं?" सोमवारी ती स्वतः बघायला येणार आहे. सावकाशने मोटारसायकलला तिसऱ्या माणसासाठी बाजूची गाडी जोडण्याचे काम हाती घेतले आहे.

उत्तराची वाट न पाहता निघणारा,
कागदोपत्री आपलाच,

(सही)
अर्जदार,
पुस्तकबांधणी दुकान,
कोर्टामागची गल्ली.

दिनांक : नोटीस मिळाल्यापासून एकविसावा दिवस.

सोबत :
१. कारणे दाखवा नोटीस (मूळ).
२. नियमांचे पुस्तक, पाने सुलटी लावून, नव्याने बांधलेले.
३. अर्जदाराच्या पत्नीचे प्रतिज्ञापत्र : सदर इसम आपला धाकटा दीर असून लग्नात हजर नव्हता, कारण त्यास रजा मिळाली नव्हती.